पहिली फेरी गेली की बाउट गेली? (ऑलिंपिक, एशियाड, राष्ट्रकुलातलं बॉक्सिंग)

रानपाखरू

एरवी मी बॉक्सिंग बघत नाही. ऑलिंपिक, एशियाड नाहीतर राष्ट्रकुल स्पर्धा आल्या की मात्र जागून बघते, आणि दर खेपेला निकालापाशी येऊन अडते. टेनिसमध्ये, बॅडमिंटनमध्ये पॉइंट डोळ्यांना दिसतो. इथे दोघीही एकमेकींना मारतायत, दोघींचेही कोच हात वर करतायत, आणि मधे उभा असलेला रेफरी कुणाचा हात उचलणार हे शेवटपर्यंत कळत नाही.

टोकियोतली मेरी कोमची लढत डोक्यातून जात नाही. समोर कोलंबियाची इन्ग्रिट वॅलेन्सिया. पहिली फेरी मेरीने 1-4 अशी गमावली. दुसरी मेरीची, 3-2. तिसरीही मेरीची, 3-2. आणि निकाल? 3-2, वॅलेन्सिया विजयी! तीनपैकी दोन फेऱ्या घेतलेली बाई हरते कशी? आपणच जिंकलो असं मेरीलाही वाटत होतं, तिनेच नंतर सांगितलं.

शिवाय उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य का? पुरुष उघड्या डोक्याने आणि बायका हेडगार्ड लावून, असं का? जाणकारांनी उजेड पाडावा. 'सगळं फिक्स असतं' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते घरात रोज ऐकते.

कट्टेकरी

जागा धरून ठेवतोय. सगळं फिक्स असतं. (पळतो.)

डावखुरा

ताई, या खेळात फेऱ्या जिंकून भागत नाही, जज जिंकावे लागतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, पण फोडून सांगतो.

रिंगच्या कडेला पाच जज बसतात. फेरी संपली की प्रत्येक जण आपल्यापुरते गुण देतो. फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9. फारच एकतर्फी झाली तर 8, क्वचित 7. शेवटी प्रत्येक जजची बेरीज वेगळी धरतात आणि त्या बेरजेत जो पुढे, त्याला त्या जजचं मत. शेवटी जाहीर होणारा 3-2 किंवा 4-1 हा मतांचा हिशोब. फेरी संपल्यावर पडद्यावर दिसणारा 3-2 हा फक्त त्या फेरीचा कौल. दोन्ही आकडे सारखे दिसतात म्हणून गोंधळ होतो.

खरी कार्डं बाजूला ठेवा, नुसतं गणित करून बघा. जजांना अ, ब, क, ड, इ म्हणू. पहिली फेरी अ, ब, क, ड यांनी वॅलेन्सियाला दिली, इ ने मेरीला. दुसरी अ आणि ब ने वॅलेन्सियाला, बाकी तिघांनी मेरीला. तिसरी ब आणि क ने वॅलेन्सियाला, बाकी तिघांनी मेरीला. आता बेरीज करा. अ कडे वॅलेन्सिया 29-28 ने पुढे, ब कडे 30-27, क कडे 29-28. ड कडे मेरी 29-28 आणि इ कडे मेरी 30-27. झालं, 3-2!

पहिल्या फेरीत चार जज हातचे गेले की परत येणं किती अवघड होतं बघा. त्या चौघांपैकी निदान दोघांकडून पुढच्या दोन्ही फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि पाचवाही टिकवावा लागतो. नुसत्या फेऱ्या 3-2 ने जिंकत राहिलात तरी मतं भलत्याच जजांकडून पडू शकतात. म्हणून हल्ली सगळे कोच पोरांना पहिल्या घंटेपासून सोडतात. पूर्वीसारखी 'पहिली फेरी बघून घे, समोरच्याचा अंदाज घे' ही चैन परवडत नाही. तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या आहेत.

रानपाखरू

आत्ता समजलं! म्हणजे ते 4-1 फार महागात पडलं. पण मग जज फेरी देतात ती कशाच्या जोरावर? मोजतात का ठोसे?

डावखुरा

मोजत नाहीत, तोलतात. ग्लव्हचा बोटांच्या सांध्यांवरचा भाग लागला पाहिजे, डोक्याच्या समोरच्या नाहीतर बाजूच्या भागावर किंवा पट्ट्याच्या वर अंगावर, आणि मधे गार्ड (अडवणारे हात) न येता. दंडावर, ग्लव्हजवर, मानेच्या मागे लागलेलं काही धरत नाहीत. दर्जेदार ठोसे कुणाचे जास्त हे आधी बघायचं. मग रिंग कुणाच्या ताब्यात आहे, डावपेच कुणाचे चालतायत, झुंज कोण देतंय.

टीव्हीवर आपल्याला एकाच बाजूचा कॅमेरा दिसतो. जज सगळ्या बाजूंना बसलेले असतात. साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे ठेवणारा) माणूस ऑर्थोडॉक्ससमोर (डावा पुढे ठेवणाऱ्यासमोर) उभा राहिला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडकतात, आणि एका बाजूने लख्ख दिसलेला डावा हात दुसऱ्या बाजूच्या जजला नुसती पाठ दाखवतो. पाच जजांचं एकमत होत नाही याला दर वेळी बेइमानी कारण नसते.

मोगरा_

'दर वेळी' या शब्दाला जोरदार टाळ्या. कधी कधी असते ना मग? 1988 चं सोल कुणी काढणार आहे की मीच काढू?

बाकावरचा

काढतो, काढतो. माझा आवडता विषय आहे.

सोल 1988, लाइट मिडलवेटचा अंतिम सामना. अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. त्या लढतीची जी मोजदाद झाली त्यात जोन्सचे 86 ठोसे लागले, पार्कचे 32. निकाल 3-2, पार्क विजयी. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा वॅल बार्कर करंडक मात्र जोन्सला मिळाला. म्हणजे सगळ्यात चांगला बॉक्सर हाच, फक्त सुवर्ण याला नाही! पार्कलाही ते सुवर्ण पचलं नाही. 2023 मध्ये तो जोन्सच्या घरी गेला आणि पदक त्याच्या हातात देऊन आला.

त्याच सोलमध्ये उलटाही तमाशा झाला. कोरियाचा ब्यून जोंग-इल बल्गेरियाच्या हरिस्तोव्हकडून हरला, तर कोरियाच्या लोकांनी रिंगमध्ये घुसून न्यूझीलंडच्या रेफरीला मारहाण केली, आणि ब्यून रिंगमध्ये 67 मिनिटं ठिय्या देऊन बसला. शेवटी सभागृहातले दिवे घालवले.

या बदनामीनंतर 1992 च्या बार्सिलोनापासून बटणं आली. पाच जज, प्रत्येकापुढे लाल आणि निळं बटण. ठोसा लागला की दाबायचं, आणि पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. कागदावर एकदम चोख. प्रत्यक्षात 1996 च्या अटलांटात फ्लॉइड मेवेदर उपांत्य फेरीत बल्गेरियाच्या सेराफिम टोडोरोव्हकडून 9-10 ने हरला, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

डावखुरा

बटणाने खेळाचीच वाट लावली, हे लोक विसरतात. एका सेकंदात तिघांना दिसेल असा ठोसा कोणता? तोंडावरचा लांब, सरळ. बरगडीखालचा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) दोघांच्या मधे झाकला जातो, त्याला तिसरं बटण मिळेना. चार ठोशांचं कॉम्बिनेशन मारलं तरी गुण जेमतेम एक. मग पोरं कशाला अंगावर मारतील? टोचायचं आणि पळायचं. एक-दोन गुणांची आघाडी घेतली की उरलेला वेळ मागे मागे सरकायचं.

तरी याच पद्धतीत बीजिंग 2008 ला विजेंदर सिंगने जे केलं ते देखणं होतं. इक्वाडोरच्या कार्लोस गोंगोराला 9-4 ने हरवून पदक पक्कं केलं. हात खाली ठेवून समोरच्याला आत ओढायचं आणि येताना पकडायचं. उपांत्य फेरीत क्यूबाच्या एमिलिओ कोरियाने त्याला तो वावच दिला नाही, 5-8.

कट्टेकरी

लंडन राहिलं. एक माणूस एका फेरीत सहा वेळा पडतो आणि तरी जिंकतो, ते कुठलं?

बाकावरचा

लंडनच ते, 2012. जपानचा सातोशी शिमिझू आणि अझरबैजानचा मागोमेद अब्दुलहमीदोव्ह. तिसऱ्या फेरीत अझरबैजानी सहा वेळा खाली गेला. रेफरीने एकदाही आठपर्यंत मोजणी केली नाही, उलट त्याचं हेडगार्ड सारखं करून दिलं. निकाल 22-17, पडणारा विजयी! जपानने तक्रार केली, निकाल फिरला, रेफरीची घरी रवानगी झाली. शिमिझू पुढे कांस्य घेऊन गेला.

आणि आपला विकास कृष्ण. त्याने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला 13-11 ने हरवलं. रात्री अपील झालं. शेवटच्या फेरीत विकासने नऊ वेळा धरून ठेवलं, शिवाय गमशील्ड (दातांवरचं कवच) जाणूनबुजून थुंकला, आणि रेफरीने ताकीद दिली नाही, म्हणून स्पेन्सला चार गुण. विकास झोपायला गेला तेव्हा उपांत्यपूर्व फेरीत होता, सकाळी स्पर्धेबाहेर.

मोगरा_

हे मला कधीच पटलं नाही. शिमिझूचा निकाल फिरवला ते बरोबर, पण विकासच्या वेळी रेफरीची चूक खेळाडूच्या माथी मारली. वेळेवर ताकीद दिली असती तर तो पुढच्या वेळी धरायला गेला असता का? नंतर बसून गुण लावायचे हा कुठला न्याय?

डावखुरा

भारतीय म्हणून वाईट वाटलं, पण नऊ वेळा धरलं होतं हे खरं आहे. व्हिडिओ बघा. थकलेला बॉक्सर आघाडी वाचवायला तेच करतो, आणि रेफरी खमक्या असता तर ताकिदींतच आघाडी संपली असती. मला राग रेफरीचा येतो, अपील समितीचा नाही.

मोगरा_

असहमत, पण ठीक.

सविस्तर

कांस्याचं कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ऑलिंपिकमध्ये 1952 च्या हेलसिंकीपासून तिसऱ्या जागेची लढतच नाही. उपांत्य फेरीत जो ठोसे खाऊन हरला त्याला एका पदकासाठी पुन्हा दोन दिवसांत मार खायला उभं करू नये, हा विचार रास्तच आहे. त्या वर्षी हरलेल्यांना प्रत्यक्ष पदक मात्र दिलं नव्हतं, ते पुष्कळ वर्षांनी मिळालं. हेलसिंकीतच स्वीडनचा इंगमार योहान्सन अंतिम सामन्यात 'लढतच नाही' म्हणून बाद झाला आणि त्याचं रौप्य रोखून धरलं. पुढे तो व्यावसायिक हेवीवेटचा जगज्जेता झाला. रौप्य हातात पडलं ते 1982 मध्ये.

दोन कांस्यांमुळे ड्रॉला, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी ते ठरवणाऱ्या सोडतीला, अतोनात महत्त्व येतं. उपांत्यपूर्व जिंकली की पदक पक्कं, पण तिथपर्यंत किती लढती हे नशिबावर. विजेंदरला कांस्यासाठी तीन लढती जिंकाव्या लागल्या. टोकियोत लवलिना बोर्गोहेनला पहिली फेरी बाय मिळाली (न लढताच पुढे), मग जर्मनीच्या नादीन अपेट्झला 3-2 आणि तैवानच्या चेन निएन-चिनला 4-1 असं हरवून पदक. यात तिचं कर्तृत्व कमी होत नाही. चेनकडून ती आधी हरलेली होती, आणि उपांत्य फेरीत समोर आलेल्या बुसेनाझ सुर्मेनेलीने पुढे सुवर्णच घेतलं.

पदकतालिका वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. राष्ट्रकुलात उझबेकिस्तान नाही, कझाकस्तान नाही, चीन नाही, क्यूबा नाही. एशियाडमध्ये यातले पहिले तिघे हजर. पॅरिस 2024 मध्ये पुरुषांच्या सातपैकी पाच वजनगटांत उझबेकिस्तानचं सुवर्ण होतं! त्यामुळे 2018 च्या जकार्ता एशियाडला अमित पंघालने हसनबॉय दुस्मातोव्हला अंतिम फेरीत हरवलं, ते सुवर्ण मला त्याच्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सुवर्णापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. दुस्मातोव्ह तेव्हा रिओचा ऑलिंपिक विजेता होता, आणि पॅरिसमध्ये पुन्हा झाला.

कट्टेकरी

आणि तोच अमित टोकियोत पहिल्याच लढतीत गारद. बॉक्सिंगमध्ये फॉर्म नावाची गोष्ट असते की नाही?

डावखुरा

फॉर्म असतो, पण त्याच्या आड वजन येतं. हे बाहेरच्यांना दिसत नाही म्हणून जरा लांबण लावतो.

व्यावसायिक बॉक्सर वर्षातून दोन-तीनदा वजन देतो, आदल्या दिवशी, आणि मग खाऊन-पिऊन दुसऱ्या दिवशी लढतो. इथे लढत ज्या दिवशी, वजन त्याच दिवशी सकाळी. अंतिम फेरीपर्यंत गेलात तर चार-पाच वेळा. उठल्याबरोबर काट्यावर जायचं. आदल्या संध्याकाळी आठशे ग्रॅम जास्त निघाले की प्लास्टिकचा घामसूट चढवून दोरीवरच्या उड्या. पाणी गिळायचं नाही, चूळ भरून थुंकायचं. पोरं काट्यावर जाण्याआधी टॉवेलच्या आडोशाने कपडे उतरवतात, कारण चड्डीचं वजनही वजनच. काटा जमला की मग बाटली तोंडाला. ओठ फुटलेले असतात आणि दुपारी किंवा रात्री रिंगमध्ये उतरायचं असतं.

त्यानंतर बँडेज. कॉल रूममध्ये (रिंगकडे जाण्याआधीच्या खोलीत) अधिकारी ते दाबून तपासतो. ग्लव्हज आयोजकांचे, त्याच्यासमोर चढवायचे. लाल रंगाचं गमशील्ड चालत नाही, तोंडातलं रक्त झाकलं जातं म्हणून. मग लाल किंवा निळा कोपरा, आणि दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट. त्यातली वीस सेकंदं श्वास परत आणण्यात जातात. उरलेल्यात कोच फार तर दोन गोष्टी सांगू शकतो. चांगला कोच एकच सांगतो.

टोकियोपासून प्रत्येक फेरीचे गुण लगेच दाखवायला लागल्यावर तर त्या मिनिटाला फारच किंमत आली. दोन फेऱ्या 0-5 गेलेल्या पोराला काय सांगणार? नॉकआउट शोध. आणि पुढे असलेल्याला सांगतात, अंगाला लागू नकोस. शेवटची फेरी कधी थरारक होते, कधी नुसती पळापळ.

रानपाखरू

वजनाचं हे माहीतच नव्हतं. आता हेडगार्डचं सांगा.

डावखुरा

ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड 1984 ला आलं. पुरुषांचं 2013 च्या नियमांनी काढलं, त्यामुळे 1980 नंतर पुरुष हेडगार्डविना लढले ते थेट रिओत. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, डोक्याला डोकं आपटलं तर जखम कमी होते. आतला मेंदू हलायचा थांबत नाही. उलट सुरक्षित वाटतं म्हणून माणूस डोकं पुढे घालतो, बाजूने येणारा हुक दिसत नाही, हा काढण्यामागचा युक्तिवाद. महिलांबाबत पुरेशी पाहणी झालेली नाही म्हणून त्यांचं ठेवलं, असं सांगितलं गेलं. हे कारण इतकी वर्षं चालवणं मला पटत नाही. पाहणी झाली नसेल तर करा की!

महिलांना ऑलिंपिकमध्ये प्रवेशच 2012 मध्ये मिळाला, तोही तीन वजनगटांत. 48 किलोची मेरी 51 मध्ये खेळली ती त्यामुळेच, आणि तरी कांस्य घेऊन आली. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सपुढे तिची उंची आणि पल्ला दोन्ही कमी पडले.

मोगरा_

सरिता देवीबद्दल कुणी बोलणार नाही वाटतं.

सविस्तर

इंचॉन एशियाड 2014, 60 किलो, उपांत्य फेरी, समोर कोरियाची पार्क जी-ना. निकाल विरोधात गेला. पदक समारंभात सरिताने कांस्य गळ्यात घालून न घेता हातात घेतलं आणि रडत रडत जाऊन पार्कच्या गळ्यात घातलं. नंतर माफी मागितली, तरी एक वर्षाची बंदी आली.

बाकावरचा

मी तिच्या बाजूचा. निकाल डोळ्यांना खुपणारा होता.

डावखुरा

निकाल खुपणारा होताच. पण पार्कचा काय दोष? ती बिचारी ते पदक घेऊन कावरीबावरी उभी होती. निषेध जजांचा करायचा, तर ज्या पोरीने तेवढेच ठोसे खाल्ले तिला सगळ्या जगासमोर अवघडवू नये. वर्षाची बंदी मात्र जास्तच होती. निकाल देणाऱ्यांना वर्षभर घरी बसवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बाकावरचा

निकाल देणाऱ्यांना घरी बसवलं ते रिओनंतर. तिथे पाच जज गुण देत आणि त्यातले तिघांचे संगणक निवडी. आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या निकितिनकडून हरला आणि जजांना दोन्ही हातांची मधली बोटं दाखवून गेला. त्याच्या तोंडचा कॅमेऱ्यासमोरचा मजकूर इथे लिहिता येणार नाही. निकितिन इतका ठेचला गेला होता की पुढची लढत तो खेळलाच नाही. हेवीवेटच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानचा लेविट हरला तेव्हा सगळं सभागृह ओरडत होतं. नंतर रिओचे 36 च्या 36 रेफरी-जज बाजूला ठेवले, आणि 2021 मध्ये कॅनडाचे कायदेतज्ज्ञ मॅक्लारेन यांच्या चौकशीत निकाल फिरवण्याची यंत्रणाच होती असं बाहेर आलं.

मोगरा_

बघा! म्हणजे 'सगळं फिक्स असतं' म्हणणारे अगदीच वेडे नव्हते.

डावखुरा

काही लढती फिक्स होत्या, यावरून सगळ्या होत्या असं होत नाही. नाहीतर 1998 च्या बँकॉक एशियाडला आपल्या डिंको सिंगने, ज्याला आधी संघातून वगळलं होतं, यजमान थायलंडचा बॉक्सर उपांत्य फेरीत हरवून सुवर्ण नेलं नसतं. यजमानाला हरवायचं तर कुणाला शंका उरणार नाही इतकं हरवावं लागतं, हे मात्र आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असतं.

फिरस्ता

पॅरिसमधल्या इमान खलीफ प्रकरणावर (अल्जीरियाच्या महिला बॉक्सरच्या पात्रतेचा वाद) कुणीच काही बोललं नाही? आश्चर्य आहे.

सविस्तर

त्याला वेगळा धागा काढा. इथे ते आलं की धाग्याचं रणांगण होईल आणि रानपाखरूंचे प्रश्न बाजूला पडतील.

रानपाखरू

+1. सविस्तर, एक सांगा, लॉस एंजेलिसला बॉक्सिंग आहे ना? मधे वगळणार असं काहीतरी वाचलं होतं.

सविस्तर

आहे. ऑलिंपिक समितीने 2019 मध्ये जुन्या जागतिक संघटनेची मान्यता स्थगित केली आणि जून 2023 मध्ये काढूनच घेतली. टोकियो आणि पॅरिसचं बॉक्सिंग समितीने स्वतःच्या देखरेखीखाली उरकलं. लॉस एंजेलिस 2028 च्या मूळ यादीत बॉक्सिंग नव्हतं. 2023 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना निघाली, फेब्रुवारी 2025 मध्ये तिला तात्पुरती मान्यता मिळाली, आणि मार्च 2025 मध्ये बॉक्सिंग यादीत परत आलं. ग्लासगो 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत खेळ कापून दहावर आणले, तरी बॉक्सिंग राहिलं.

कट्टेकरी

डावखुरा, एक शेवटचं. आमच्यासारख्या अडाण्याने बाउट बघायची कशी?

डावखुरा

समालोचनाचा आवाज बंद करा. समालोचक आपल्या देशाच्या बॉक्सरचा ग्लव्हजवर अडलेला ठोसाही 'क्या पंच है' म्हणून विकतो. कागद घ्या, फेरी संपली की पडद्यावरचा आकडा दिसायच्या आत 10-9 कुणाला ते लिहून टाका. आणि हातांकडे बघू नका, मार खाणाऱ्याच्या डोक्याकडे बघा. ठोसा खरा लागला असेल तर डोकं मागे जातं, किंवा टाच उचलली जाते. गार्डवर अडला असेल तर नुसता आवाज येतो.

कट्टेकरी

तुमचं ऐकून मेरी-वॅलेन्सिया पुन्हा बघितली, आवाज बंद करून. माझ्या कागदावर पहिली वॅलेन्सिया, दुसरी मेरी, तिसरी मेरी. 29-28 मेरी.

सविस्तर

माझ्याकडे दुसरी फेरी वॅलेन्सियाची आहे. दोनदा बघितली.

रानपाखरू

मीही बसते आज रात्री. तिसरा जज येईपर्यंत भांडू नका.